शुक्रवारचं पाणी

धुळ्यात आता लोक ज्याला नाला म्हणतात, त्याला आम्ही पाट म्हणायचो. मध्यंतरी एका ओळखीच्याने त्याचं नवं घर दाखवायला नेलं. गच्चीवर उभा राहून त्याने खाली बोट दाखवलं आणि म्हणाला, मागे नाला आहे, थोडे डास होतात, बाकी जागा झकास. मी चहा न घेता निघून आलो. बायको त्यावरून अजून मला बोलते. बोलू दे. त्या पाटाच्या पाण्यासाठी मी एक पूर्ण वर्ष जळत काढलंय. त्याला कोणी गटार म्हटलेलं मला खपत नाही.

शहराच्या वरच्या अंगाला पांझरा नदीवर एक जुना दगडी बंधारा होता. तिथून पाणी पाटात वळायचं. इंजिन नाही, मोटार नाही, नुसत्या उताराने ते चालायचं. आधी बाभळी आणि चिंचा, मग कापड गिरणीची मागची लांबलचक भिंत, मग रस्त्याखालची मोरी आणि त्याच्या पलीकडे भाजीपाल्याचे मळे. मळ्यांच्या शेवटाला उरलंसुरलं पाणी पुन्हा नदीत पडायचं. आठवड्याचे सहा दिवस मळेवाल्यांनी आपसात वाटून घेतले होते. सातवा, शुक्रवार, गिरणीचा.

मी त्या गिरणीत रंगखात्यात होतो. धरणगावजवळच्या खेड्यातून विशीत धुळ्याला आलो आणि पहिल्या महिन्यातच माझे हात मनगटापर्यंत निळे झाले, ते पुढची अकरा वर्षं पुरते पांढरे झाले नाहीत. शुक्रवारी भिंतीतलं लोखंडी दार उचललं की पाटाचं पाणी आमच्या हौदात यायचं. कापड रंगवून झालं की तेच पाणी खालच्या बाजूच्या नळाने परत पाटात जायचं. त्यामुळे शनिवारी सकाळी मळ्यांत पहिलं पाणी कधी निळसर, कधी लालसर जायचं. खालच्या गल्लीतल्या बायका पाटाकडे बघून सांगायच्या, या खेपेला हिरव्या काठाची लुगडी निघणार. मळेवाले ते पहिलं पाणी नदीत जाऊ द्यायचे आणि गप्प बसायचे. गिरणीला कोण बोलणार?

वर्षातून एकदा, पावसाळा सरून नदी उतरली की पाटातला गाळ काढायचा दिवस असे. ज्याला पाणी हवं त्याने यायचं, पाटात उतरायचं आणि घमेलं उचलायचं. गिरणीही आपल्या वाट्याची दहा माणसं पाठवायची. त्या दहांत मी दरवर्षी असायचो, कारण आमचा मुकादम माझ्यावर खार खाऊन होता. मी त्याला एकदा सर्वांसमोर उलट बोललो होतो. ते लक्षात असू द्या, कारण माझी पुढची सगळी तक्रार त्या घमेल्यांवर उभी आहे.

ऐंशीच्या दशकात गिरणी बंद पडली. एकदम नाही. आधी तिसरी पाळी गेली, मग साचे, म्हणजे माग, अर्धे थांबले, मग रंगखात्याला सांगितलं की आठ दिवस घरी बसा. ते आठ दिवस अजून चालू आहेत. माणसं गेटाबाहेर चटया टाकून बसू लागली. रोज कोणीतरी बातमी आणायचं की मुंबईला बैठक झाली, पुढच्या महिन्यात भोंगा वाजणार. मी तीन आठवडे बसलो. चौथ्या आठवड्यात चटई गुंडाळली. ज्याने आपल्याला नको म्हटलं त्याच्या दारात बसायचं, हे माझ्या स्वभावात नाही.

मी बारदानाच्या धंद्यात पडलो. बारदान म्हणजे जुनी तागाची पोती. जळगावच्या डाळ मिलांतून, दोंडाईच्याच्या मिरची बाजारातून फाटकी, मळकी पोती उचलायची, झटकायची, धुवायची, वाळवायची, दाभण आणि सुतळीने शिवायची आणि कांदेवाल्यांना, भुसारवाल्यांना विकायची. घासाघीस मला उपजत येत होती, हे मला इथे कळलं. डाळ मिलच्या मालकासमोर मी अर्धा तास नुसता बसून राहायचो. मग एका पोत्यात हात घालून भोकातून बोटं बाहेर काढायचो, ती हलवून दाखवायचो आणि उठून चालू लागायचो. फाटकापर्यंत पोचायच्या आत हाक यायची. नाही आली असं दोनदाच झालं.

शेड टाकली ती गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून, पाटापासून पाच पावलांवर. नळाचं पाणी दिवसाआड, तेही बादलीभर. आसपासच्या विहिरी खारट, त्यात धुतलेलं पोतं वाळलं की पापडासारखं कडक होई. आणि डोळ्यांसमोरून पाट वाहतोय. सहा दिवस दुसऱ्यांचा, ते मला मान्य. पण शुक्रवारी? गिरणीच्या लोखंडी दाराला गंज चढला होता, आत हौदात कबुतरं राहत होती, आणि शुक्रवारचं सगळं पाणी माझ्या शेडसमोरून कोणाच्याही कामी न येता नदीत जात होतं. ते बघून माझं डोकं फिरायचं. त्या पाण्यावर माझा धंदा उभा राहणार होता, नाहीतर मला हमाल म्हणून दुसऱ्याच्या गोदामात जावं लागणार होतं. इतकं सरळ होतं ते.

पाट अक्काच्या ताब्यात होता. तिचा नवरा पाटकरी होता, म्हणजे ज्याची पाळी त्याला पाणी सोडणारा आणि पाळी संपली की बंद करणारा. तो वारला तेव्हा मळेवाल्यांचं नव्या माणसावर एकमत होईना. प्रत्येकाला आपला भाऊबंद हवा होता. तेवढ्या दिवसांत अक्का फावडं घेऊन बांधावर उभी राहू लागली आणि कोणी ठरवण्याआधीच ती पाटकरी झाली. हंगामाला प्रत्येक मळ्यातून तिला धान्य मिळे आणि पाणी सोडायला गेली की एक भाजीची जुडी. साठीला टेकलेली बाई, काटक, लुगड्याचा काचा घट्ट मारलेला, पायात कधी चप्पल नाही.

चप्पल का नाही, ते मी पुढे स्वतः पाहिलं. ती पाटात पाय घालून उभी राहायची आणि सांगायची, वर कोणीतरी बांध फोडला. पाणी अंगठ्याखाली उतरलं की तिला कळायचं. मग ती चालत जायची, आणि खरोखरच वर कोणीतरी बांध फोडलेला असायचा. एकदा दोन मळेवाले फावडी घेऊन एकमेकांवर चालून आले. अक्का मध्ये पडली नाही. तिने दोघांच्याही वाफ्यांना पाणी सोडणारी लाकडी फळी बंद केली, बांधावर बसली आणि पदरातली मेथी निवडायला घेतली. पाणी पुढे तिसऱ्याच्या वाफ्यात चाललं. अर्धी जुडी निवडून व्हायच्या आत ते दोघे तिच्यासमोर उकिडवे बसले होते. मी आयुष्यात वकील पाहिले, आडते पाहिले, बाजार समितीतली माणसं पाहिली. इतक्या स्वस्तात भांडण मिटवणारं दुसरं माणूस पाहिलं नाही.

मी तिच्याकडे शुक्रवार मागायला गेलो. माझी सगळी अस्त्रं काढली. आधी इकडचं तिकडचं बोललो, मग वाया जाणाऱ्या पाण्याची हळहळ केली, मग तिच्या घराच्या छपरासाठी चांगली पोती देऊ केली, मग गप्प बसलो आणि शेवटी उठून चालू लागलो. हाक आली नाही. वळून पाहिलं तर ती पाटातलं शेवाळ ओढत होती. मीच परत गेलो. तेव्हा ती म्हणाली की गिरणीची पाळी तिच्या घरची नाही, आणि वर्षाच्या मध्ये पाळ्या बदलत नाहीत. गाळाच्या दिवशी काय ते ठरेल.

गाळाचा दिवस पाच महिने लांब होता. माझ्याच्याने पाच आठवडेही निघाले नाहीत.

एका शुक्रवारी दुपारी मी स्वतःच पाटात दगड आणि मातीच्या गोण्या टाकून पाणी अडवलं. शेडसमोर छान डबकं झालं. मला वाटलं, शुक्रवारचं पाणी कोणाचंच नाही, त्यामुळे कोणाचं काही बिघडणार नाही. आदल्या दिवशीच दोंडाईच्याहून मिरचीची पोती आली होती. एकेका पोत्यात पसाभर भुकटी आणि बी असतं. मी ती सगळी पोती उलटी करून त्या डबक्यात बुडवली, तुडवली, आपटली आणि मग बांध मोकळा केला.

मी विसरलो ते हे की शुक्रवारचं पाणी मळेवाल्यांचं नसलं, तरी गिरणी बंद झाल्यापासून ते स्वच्छ यायला लागलं होतं. इतक्या वर्षांनी पाटाला शुक्रवारी रंग नव्हता. त्यामुळे खालच्या गल्लीतल्या बायका त्याच दिवशी धुणं घेऊन पाटावर येऊ लागल्या होत्या, आणि म्हशीही तिथेच बसवल्या जात. गिरणीतून बाहेर पडलेला मी, मलाच ते माहीत नव्हतं, कारण गिरणी सुटल्यापासून मी भिंतीच्या पलीकडे खाली गेलोच नव्हतो.

आधी म्हशी उठल्या. एक म्हैस शेपूट वर करून थेट रस्त्यावर गेली आणि तिने एक टांगा अडवला. मग बायकांचे हात पेटले. एकीने त्याच हाताने डोळे पुसले. थोड्या वेळाने सातआठ बायका ओल्या लुगड्यांनी माझ्या शेडसमोर उभ्या राहिल्या. मी आवाज चढवून बोलायच्या तयारीत होतो, पण त्यांनी संधीच दिली नाही. पुढची म्हणाली, “भाऊ, आते मीठ-लसून बी टाकी दे, ठेचा व्हई जाई.” दुसरी म्हणाली की भाकरी आम्ही घरून आणतो. तिसरीने विचारलं, तुझी बायको तुला जेवायला घालत नाही का रे, म्हणून पाट तिखट करतोस? आणि माझी बायको शेडच्या दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती, ते मी आजही विसरलेलो नाही.

मग अक्का आली. तिने पाटात पाय घातला, पुन्हा काढला, चुरचुरणारी बोटं मातीत घासली. माझ्याकडे पाहिलं. मी उत्तरं तयार ठेवली होती. गिरणीने इतकी वर्षं पाटात विष सोडलं तेव्हा तुम्ही कुठे होता, वगैरे. तिने त्यातलं काहीही बोलायला वाव दिला नाही.

“गाळना दिवशी ये,” एवढंच ती म्हणाली आणि गेली.

मी त्याचा माझ्या पद्धतीने अर्थ लावला. ही मला दंड करते आहे, एक दिवसाची मजुरी. ठीक आहे. मजुरी द्यायची आणि शुक्रवार घ्यायचा, वाईट सौदा नव्हता. पण नेमकं गाळाच्या दिवशी एका कांदा व्यापाऱ्याचं मोठं काम आलं. शिवून दिलेली पोती दुपारी गाडीत चढवायची होती. मी गिरणीच्या गेटवर गेलो. तिथे अजून चटया होत्याच. त्यातून दोन माणसं निवडली. एक सूतखात्यातला, कापसाच्या तुसाने छाती धरलेला, बारीक माणूस. दुसरा साचेखात्यातला, साच्यांच्या खडखडाटाने एका कानाने बहिरा झालेला. दोघांना दिवसाची मजुरी ठरवली. दुपारचं जेवण त्यांनी घरून आणायचं, हेही घासून घासून कबूल करून घेतलं. गिरणीसुद्धा असंच करायची, मला माहीत होतं. मालक कधी घमेलं उचलायला आला होता?

संध्याकाळी मी धुतलेला सदरा घालून बंधाऱ्यावर गेलो. गाळ काढून झाला की तिथे गूळ-फुटाणे वाटत आणि अक्का वर्षाच्या पाळ्या सांगे. शंभरेक माणसं चिखलाने माखून बसली होती. मी एकटाच कोरडा. तिने सोमवारपासून सांगायला सुरुवात केली. गुरुवारपर्यंत जुनंच. मग शुक्रवार आला आणि तिने फावड्याचा दांडा वर केला, तो माझ्याकडे नाही, माझ्या दोन मजुरांकडे. शुक्रवार या दोघांचा.

मला आधी वाटलं, तिला कळलं नाही. मी पुढे जाऊन समजावलं की ही माझी माणसं, मजुरी मी दिली आहे. ती म्हणाली, “जो गाळ काढस त्यानी पाळी. तू काढा का?”

मग माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर ओरडून बोललो. म्हटलं, अकरा वर्षं मी गिरणीच्या नावाने हा गाळ डोक्यावर वाहिला. तेव्हा पाळी गिरणीची होत होती, माझी नाही. आज या दोघांनी माझ्या नावाने वाहिला, तर पाळी त्यांची? हा कुठला न्याय? घमेलं उचलणारा तेव्हाही मी आणि बुडणारा आजही मीच? हे मी आजही म्हणतो आणि मला यात चूक सापडत नाही.

अक्काने मला पूर्ण बोलू दिलं. मध्ये फक्त सूतखात्यातला खोकत होता. मग ती म्हणाली, “गिरणीले पाळी कोनी दिन्ही नव्हती. तिनी लिन्ही. तवय आमनं चालनं नही. आते चालस.” आणि मग, आवाज न चढवता, “तवय गाळ तूच काढे ना? मंग तवय बी पाळी तुनीच व्हती. तू मांगी नही.”

मी गूळ-फुटाणे तिथेच टाकून निघालो. रस्ताभर तिला नावं ठेवत होतो. घरी पोचलो तेव्हा बायकोने विचारलं काय झालं, तर सांगताना माझ्या तोंडून तिचं शेवटचं वाक्य, तेव्हाही पाळी तुझीच होती, तू मागितली नाहीस, दोनदा निघालं. बायको म्हणाली, बरोबर बोलली की.

ते वर्ष वाईट गेलं. लांबच्या गोड्या विहिरीवरून हातगाडीवर पिंपं आणायची आणि त्यात पोती धुवायची. निम्मा माल परत पाठवावा लागला. आणि दर शुक्रवारी पाच पावलांवर ते दोघे माझ्या डोळ्यांसमोर. गिरणीची भिंत आणि पाट यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती, तिच्यावर नुसती घाणेरीची झुडपं माजली होती. ती त्यांनी उपटली, वाफे केले आणि पालक, कोथिंबीर, मुळे लावले. दोघांनाही शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सूतखात्यातल्याने पहिले वाफे धाग्यासारखे इतके सरळ आखले की मळेवाले मुद्दाम बघायला यायचे. वाफे सरळ आणि सगळे चढावर. पाणी वर जाईना. अक्काने येऊन त्याच्या हातातली दोरी काढून घेतली आणि पाणी जिकडे वाकलं तिकडे वाफा वाकवला.

मी त्यांच्याशी सौदा करून पाहिला. अर्धा दिवस मला द्या, बदल्यात मी हे देतो, ते देतो. सूतखात्यातला अक्काकडे बोट दाखवायचा. साचेवाल्याशी बोलायला गेलो तर त्याने सावकाश मान फिरवून बहिरा कान माझ्याकडे केला. मी दुसऱ्या बाजूला गेलो, त्याने पुन्हा फिरवला. आयुष्यात मला इतकं सोपं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

पण मला दिसत होतं ते दिसतच होतं. आदल्या वर्षापर्यंत ही माणसं गेटावर बसून भोंग्याची वाट पाहत होती. आता शनिवारी सकाळी ती डोक्यावर टोपल्या घेऊन बाजारात बसत होती. त्यांचं पाहून आणखी तिघाचौघांनी चटया उचलल्या आणि मळेवाल्यांकडे निंदणी-खुरपणी विचारायला गेले. खोकणाऱ्याचा खोकला गेला नाही, पण तो पूर्वी उभ्या उभ्या धापा टाकायचा, ते थांबलं. त्याच्या बायकोने एकदा पालकाच्या दोन जुड्या आमच्या घरी आणून दिल्या. मी म्हटलं, परत कर. माझ्या बायकोने डाळ घालून भाजी केली. मी दोनदा वाढून घेतली.

पुढच्या गाळाच्या दिवशी मी पहाटे सगळ्यांच्या आधी बंधाऱ्यावर होतो. त्या दिवशीही माल भरायचा होता. व्यापाऱ्याला सांगितलं, उद्या ये, नाहीतर येऊ नकोस. अक्काने मला पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि गिरणीच्या भिंतीमागचा तुकडा दिला. तो सगळ्यात वाईट. दरवर्षी लोक तिथे वरवरचा गाळ काढत, खालचा कोणी काढत नसे. शेजारी कोण? तेच दोघे.

दीड हात खाली गेलो आणि फावड्याला रंग लागला. मी आधी काळजीने हात पाहिला, कापलं की काय म्हणून. लाल होता, पण रक्त नव्हतं. त्याच्या खाली निळा थर, मग पुन्हा लाल, मग एक बोटभर हिरवा, आणि सगळ्यांत तळाला काळा. मऊ, लोण्यासारखा. तो हिरवा मी ओळखला. एका दिवाळीला आमच्या खात्यात हिरव्या रंगाचा एक घाणा बिघडला होता, सगळा माल परत आला होता आणि रातोरात तो रंग नळाने सोडून द्यायला लावला होता. सोडणाऱ्यांत मी होतो. मुकादमाने माझं नाव घेतलं म्हणून माझा दोन दिवसांचा पगार गेला होता आणि त्याचा राग माझ्या मनात होता. मात्र तो रंग पुढे कुठे गेला, असं मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. साचेवाल्याने वाकून पाहिलं आणि विचारलं, तुमचं काम का? मी म्हटलं, आमचंच. त्याने घमेलं पुढे केलं. आम्ही तिघांनी संध्याकाळपर्यंत तो तुकडा तळापर्यंत उपसला. तेवढा तळ गिरणी सुरू झाल्यापासून कोणी पाहिला नसेल. खाली स्वच्छ घडीव दगड निघाले, एकाला एक जोडलेले.

त्या संध्याकाळी अक्काने मला शुक्रवार दुपारची पाळी दिली. सकाळ त्या दोघांची, दुपारनंतर मी. वर अट, मिरचीची आणि खताची पोती पाटात बुडवायची नाहीत, खड्डा खणून त्यात धुवायची आणि ते पाणी तिथेच जिरवायचं. मी घासाघीस केली. म्हटलं, डाळीची पोती तरी पाटात चालतील, डाळीच्या भुशाने कोणाचा हात जळत नाही. ती विचारात पडली. मग म्हणाली, चालेल, म्हशींना आवडेल. अख्ख्या व्यवहारात मी तिच्याकडून जिंकलेली ही एकच गोष्ट.

धंदा वर आला तो तिथून. पुढे जळगावला गोदाम घेतलं, माणसं ठेवली, पण शुक्रवारी दुपारी मी धुळ्यातच असायचो. पाळी मोजायची कशी हा एक प्रश्न होता. पूर्वी गिरणीच्या भोंग्यावर पाळ्या बदलत. भोंगा गेला तसा घड्याळांवरून वाद सुरू झाले, प्रत्येकाचं घड्याळ आपल्या सोयीने चालायचं. अक्काने घड्याळ बाजूला ठेवलं आणि स्वतःची चाल धरली. माझी फळी उचलायची, पाटाच्या शेवटापर्यंत चालत जायचं, परत यायचं, फळी पाडायची. तेवढी माझी पाळी. पहिली दोन वर्षं मी तिच्यावर नजर ठेवून होतो, मुद्दाम झपझप चालते का म्हणून. नाही, ती सगळ्यांसाठी सारखीच चालायची.

नव्वद साल उलटल्यावर शेवटाकडचे मळे एकेक करून प्लॉट पाडून विकले गेले. ज्यांची पाळी तेच विकत होते, त्यांना कोण अडवणार? घरं झाली, घरांची सांडपाण्याची पाइपं पाटात आली. अक्का त्या पाइपांपुढे उभी राहून घरमालकांना बोलवायची. ते तिला ओळखत नव्हते, तिच्याशी हिंदीत बोलायचे. ती खानदेशीतच उत्तर द्यायची आणि दोन घरांनी खरंच पाइप वळवून घेतले. बाकीच्यांनी नाही. तरी शुक्रवारी ती यायचीच.

तिची चाल मंदावत गेली. आधी मला कळलं नाही, धुतलेली पोती जास्त निघू लागली तेव्हा कळलं. तासाची पाळी सव्वा तास झाली, मग दीड. मी घासाघीस करणारा माणूस, मी कशाला बोलू? पण सकाळचे ते दोघेही बोलले नाहीत, त्यांचंही पाणी वाढलं होतं.

एका शुक्रवारी ती काठी घेऊन आली. फळी उचलली आणि निघाली. माझी सगळी पोती धुऊन झाली, पिळून झाली, दोरीवर गेली, तरी ती परत येईना. पाणी शेडसमोरून नुसतंच चाललं होतं. मी वाट पाहिली. मग उठलो, स्वतः फळी खाली पाडली आणि तिला शोधायला पाटाच्या कडेने निघालो. नव्या घरांच्या कुंपणाशी, पाय पाण्यात सोडून ती बसलेली सापडली. पाणी उतरायला लागलं होतं. तिने अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“फळी कोनी पाडी?”

मी म्हटलं, मी. माझं काम झालं होतं.

“पाणी तुनं शे,” ती म्हणाली. “फळी मन्ही शे. पुन्हा हात लावाना नही.”

मी हो म्हटलं. तिने काठी टेकली आणि उठली. आम्ही दोघं परत निघालो, ती पुढे, मी मागे, तिच्या चालीने.